टर्बो सी, वऱ्हाड आणि कोणी न वाचलेली एक ओळ

'प्रिंटएफ कुठे असते?' सी भाषेच्या तोंडी परीक्षेतला हा ठरलेला प्रश्न. 'स्टडआयओ डॉट एच मध्ये' हे त्याचे ठरलेले उत्तर. अमरावती असो वा अकोला, या उत्तरावर विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या उत्तीर्ण झाल्या. उत्तर मात्र चुकीचे आहे. स्टडआयओ डॉट एच या फाइलीत प्रिंटएफचे नाव आणि त्याला काय द्यावे, त्याच्याकडून काय मिळेल एवढी नोंद असते. प्रत्यक्ष फंक्शन दुसऱ्याच फाइलीत, लायब्ररीत, आधीच यंत्रभाषेत रूपांतरित होऊन पडलेले असते. नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे अशी ही व्यवस्था का निर्माण झाली, नावावरून वस्तू शोधण्याची साधने कशी घडली आणि ती वऱ्हाडातील विद्यार्थ्यांच्या हाती कोणत्या रूपात आली, याविषयी आजचा धागा.

नाव आणि वस्तू यांची ताटातूट वऱ्हाडाला तशी नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे केसोबासांनी त्यातील स्वामींची वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' रचला. वचने पाठांतराला सोपी झाली, पण प्रसंगापासून तुटली. एखादे त्रोटक सूत्र कोणापुढे, कशावरून उच्चारले गेले हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागेना. म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगातले हे सांगणारे 'प्रकरणवश' पंथात तयार झाले. सूत्रपाठ ही बाहेर दिलेली नावे, लीळा हा आतला मजकूर आणि प्रकरणवश हा एकाकडून दुसऱ्याकडे नेणारा दुवा, असे म्हणता येईल. तुलना फार ताणू नये. महानुभावांना मोक्षाची चिंता होती, कंपायलरची नव्हे. पण अडचण एकाच जातीची आहे.

संगणकाच्या जगात ही अडचण प्रथम केंब्रिज येथे पद्धतशीरपणे हाताळली गेली. तेथील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. वर्गमूळ काढणे, साइन काढणे, आकडे छापणे यांसाठी प्रत्येक जण तेच ते नव्याने लिहितो आणि त्याच त्या चुका नव्याने करतो, हे मॉरिस विल्क्स आणि त्यांचे सहकारी डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांच्या ध्यानात आले. मग तपासून निर्दोष ठरलेले तुकडे कागदी फितींवर छिद्रांच्या रूपाने उतरवून त्या फिती कपाटात लावण्यात आल्या. 'लायब्ररी' हा शब्द तेथे अलंकारिक नव्हता. कपाट खरे होते, फिती खऱ्या होत्या आणि कोणती फीत कशाची याची विषयवार सूचीही होती. १९५१ साली या तिघांचे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा लायब्ररीत ८७ उपकार्यक्रम होते. प्रत्येकाचे काम काय, तो किती जागा घेतो, किती वेळ घेतो, हे त्या पुस्तकात नोंदलेले आहे. ज्याने ती फीत कधी उलगडून पाहिली नाही, त्यालाही ती वापरता यावी ही त्यामागची अपेक्षा होती.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा ३ नोव्हेंबर १९७१ चा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचे पहिले मॅन्युअल त्या दिवशी सिद्ध केले. त्याचे विभाग पाडलेले होते आणि तिसरा विभाग उपकार्यक्रमांचा होता. आजही लिनक्सवर एखाद्या फंक्शनची माहिती हवी असेल तर 'मॅन ३ प्रिंटएफ' असे लिहितात. त्यातला ३ हा आकडा त्या १९७१ च्या विभागणीचा थेट वारस आहे. याच मॅन्युअलच्या पहिल्या विभागात 'एनएम' नावाची एक छोटी आज्ञा आहे. तयार फाइलीच्या पोटात कोणकोणती नावे आहेत, एवढेच ती सांगते. सी भाषा तेव्हा जन्मायची होती. भाषेच्या आधी तिच्या नावांची झडती घेणारे साधन तयार होते, हा इतिहासाचा एक गमतीदार उलटा क्रम आहे.

'मॅन' आणि 'एनएम' यांतला भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. मॅन हे माणसाने माणसासाठी लिहिलेले वर्णन दाखवते. एनएम फाइलच उघडून पाहते. वर्णन जुने असू शकते, अपुरे असू शकते, किंवा दुसऱ्याच यंत्राविषयीचे असू शकते. एनएमच्या यादीत नावापुढे 'टी' हे अक्षर आले तर ते फंक्शन या फाइलीत खरोखर आहे. 'यू' आले तर ते येथे नाही, केवळ मागितलेले आहे आणि कोणीतरी बाहेरून ते पुरवायचे आहे. अंदाजाला जागाच नाही.

मॅन्युअलमध्ये हवे ते शोधण्यासाठी पुढे एक विलक्षण सूची जोडली गेली. प्रत्येक आज्ञेचे एका ओळीचे वर्णन घेऊन त्यातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द आळीपाळीने मध्यभागी आणायचा आणि त्या शब्दांनुसार साऱ्या ओळी वर्णानुक्रमे लावायच्या. एकच फंक्शन तीन-चार ठिकाणी सापडे. नाव ठाऊक नसले तरी काम ठाऊक असले की पुरे. आपल्याकडील संतवाङ्मयाच्या जुन्या पदसूच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर बेतलेल्या असतात. पहिला शब्द विसरला की शोध खुंटतो. ही सूची त्याच्या एक पाऊल पुढची होती.

येथे थोडे थांबून नावांकडे पाहणे अगत्याचे आहे. सी शिकणाऱ्या प्रत्येकाला पडलेला प्रश्न असा, की ही नावे इतकी कुरतडलेली का? मजकुराची नक्कल करणारे फंक्शन एस-टी-आर-सी-पी-वाय, तुलना करणारे एस-टी-आर-सी-एम-पी, लांबी मोजणारे एस-टी-आर-एल-ई-एन. मोजून पाहा, प्रत्येकी सहा अक्षरे. कारण लिंकरमध्ये आहे. वेगवेगळ्या फाइलींतील नावे जुळवून एकच चालणारा कार्यक्रम शिवणारा तो शिंपी. जुन्या यंत्रांवरील लिंकरांची स्मरणशक्ती तोकडी होती. लांब नावाची पहिली काही अक्षरेच ते लक्षात ठेवत. १९८९ साली अमेरिकी मानक संस्थेने सी भाषेचे पहिले अधिकृत मानक मंजूर केले, तेव्हाही बाहेर द्यायच्या नावांची पहिली सहा अक्षरे ओळखली तरी पुरे, आणि लहान-मोठ्या अक्षरांत भेद केला नाही तरी चालेल, अशी सवलत ठेवावी लागली. मजकुराशी संबंधित फंक्शनांच्या एका गटाची सुरुवात 'एस-टी-आर-एन-सी' या पाच अक्षरांनी होते. सहावे अक्षर प्रत्येकात वेगळे आहे. तो योगायोग नाही.

आता वऱ्हाडाकडे वळू. १९८३ हे वर्ष येथे कळीचे आहे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. अमरावतीला १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होते. १९८३ मध्ये बडनेरा आणि शेगाव येथे नवी महाविद्यालये उभी राहिली, आणि त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळे झाले. ज्या मुलांना पूर्वी नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे, त्यांतील बऱ्याच जणांना गावाजवळ प्रवेश मिळू लागला.

नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत फिलिप कान यांच्या बोर्लँड या कंपनीने 'टर्बो पास्कल' हे पॅकेज पन्नास डॉलरांच्या आत विकायला काढले. तोवर कंपायलर ही शेकडो डॉलरांची वस्तू होती. १९८७ साली याच कंपनीने 'टर्बो सी' आणले, तेही शंभर डॉलरांच्या आत. लिहिणे, तपासणे, चालवणे, चूक शोधणे आणि मदत पाहणे हे सारे एकाच पडद्यावर, आणि तेही साध्या पीसीवर, एका फ्लॉपीच्या खाचेतून. पुढे 'टर्बो सी++' आले. निळ्या पार्श्वभूमीची त्याची ३.० ही आवृत्ती भारतीय महाविद्यालयांत जी स्थिरावली ती पंचवीस वर्षे हलली नाही. किती संगणकांवर परवाना विकत घेतलेला होता आणि किती ठिकाणी ती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरली, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

याच सुमारास पुण्यात एक वेगळे नाट्य घडत होते. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे नेतृत्व करत होते आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. वऱ्हाडचा सुपुत्र देशाचा महासंगणक उभारत असताना वऱ्हाडातली प्रयोगशाळा निळ्या पडद्याच्या पीसीवर चालली होती. यात विरोधाभास शोधण्याचे कारण नाही. महासंगणक एक असतो आणि प्रयोगशाळा शेकडो.

टर्बो सीचा खरा मोठेपणा त्याच्या मदतीत होता, आणि त्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि एफ१ दाबले की पडद्यावर एक चौकट उघडे. फंक्शन कोणत्या हेडरमध्ये जाहीर केले आहे, त्याचे स्वरूप, टिपणी, ते परत काय देते, त्याचे भाईबंद कोणते, आणि शेवटी एक संपूर्ण, चालणारे उदाहरण. ते उदाहरण मेनूतून उचलून आपल्या फाइलीत चिकटवता येई. युनिक्सचा तिसरा विभाग एका कळीवर आला होता, तोही इंटरनेटशिवाय. ज्या काळात घरी संगणक नाही, प्रयोगशाळेचा आठवड्याचा तास ठरलेला, आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत तर भारनियमनाने तो तासही बुडायचा, त्या काळात हे साधन किती मोलाचे होते हे सांगायला नको. इंग्रजीतले पुस्तक उलगडत नसले तरी उदाहरण चालवून पाहता येई. वर्गात प्रश्न विचारायला बुजणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलासाठी ती चौकट म्हणजे न रागावणारा शिक्षक होता.

दुसरे साधन छापील, आणि विदर्भातलेच. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक देशभर खपले. त्याच्या जुन्या आवृत्त्यांच्या शेवटी प्रचलित लायब्ररी फंक्शनांचे परिशिष्ट असे: गणिती, मजकूरविषयक, फाइलींचे, स्मृतीवाटपाचे, आलेखांचे असे गट आणि प्रत्येक नावापुढे एका ओळीचा उपयोग. विल्क्स यांच्या सूचीचीच ही पणती. पुस्तकातील प्रकरणे वाचणारे पुष्कळ, पण सबमिशनच्या आदल्या रात्री उघडले जाई ते परिशिष्ट.

तिसरे साधन कोणी साधन म्हणून ओळखलेच नाही. ते म्हणजे लिंकरची चूक. वर्तुळ काढण्याचा कार्यक्रम लिहिला, ग्राफिक्सचे हेडर जोडले, तरी पडद्यावर तक्रार उमटे की 'अंडरस्कोअर सर्कल' या चिन्हाचा पत्ता नाही. विद्यार्थी गोंधळे. हेडर तर जोडले आहे! पण हेडरने नाव दिले होते, वस्तू नव्हे. ग्राफिक्सची लायब्ररी मेनूत जाऊन वेगळी चालू करावी लागे. नावाआधीची ती अंडरस्कोअर कुठून आली, हे कुणी सांगत नसे. सी कंपायलर बाहेर द्यायच्या प्रत्येक नावाला ती चिकटवत असे, म्हणजे असेंब्ली भाषेतील नावांशी टक्कर होऊ नये. फाइलीचे शेपूट सीपीपी असेल तर आपण लिहिलेल्या हरवलेल्या फंक्शनचे नाव कंसात आदानांच्या प्रकारांसह येई. कारण सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात आणि लिंकरला ती वेगळी दिसावीत म्हणून प्रकार नावातच गुंफलेले असतात. एका चुकीच्या संदेशात इतके शिक्षण दडलेले होते. उलट प्रकारही होई. शुद्ध सी फाइलीत हेडर जोडायला विसरले तरी कंपायलर नुसती ताकीद देई आणि कार्यक्रम चाले, कारण लायब्ररी लिंकर आपणहून धुंडाळे. हे ज्याने एकदा डोळसपणे पाहिले त्याने 'प्रिंटएफ स्टडआयओ डॉट एच मध्ये असते' असे उत्तर पुन्हा दिले नसते.

टर्बो सीच्या पेटीत 'टीलिब' नावाचे एक अवजारही होते. लायब्ररी फाइलीतील सर्व भाग आणि बाहेर दिलेली सारी नावे ते एका यादीत उतरवून देई. एनएमचा हा डॉसवरील चुलतभाऊ. त्याची यादी उघडली असती तर कळले असते की मानकातली फंक्शने आणि बोर्लँडने पदरची घातलेली फंक्शने तिथे शेजारी शेजारी बसली आहेत, त्यांच्यात कुंपण नाही.

आणि हीच या कथेतील मेख आहे. पडदा पुसणारे सी-एल-आर-एस-सी-आर, ज्याला सगळे 'क्लिअरस्क्रीन' म्हणत, आणि एका कळीसाठी थांबणारे 'गेटच', ही दोन्ही कॉनिओ डॉट एच मध्ये जाहीर होत. कार्यक्रमाचा आरंभ क्लिअरस्क्रीनने आणि शेवट गेटचने, हा जणू प्रॅक्टिकलच्या वहीचा श्रीकार आणि इतिश्री झाला. सी भाषेच्या मानकात ही दोन्ही नाहीत. १९८९ च्या मानकात पंधरा हेडर आहेत, त्यांत कॉनिओ नाही.

बोर्लँडने हे लपवले होते का? अजिबात नाही. कंट्रोल-एफ१ च्या त्याच चौकटीत, टिपणी आणि परतीचे मूल्य यांच्या खाली, 'पोर्टेबिलिटी' या मथळ्याखाली एक छोटा तक्ता असे: डॉस, युनिक्स, विंडोज, ॲन्सी सी. हे फंक्शन ज्या ठिकाणी चालते त्या रकान्यात 'येस'. प्रिंटएफच्या पानावर डॉसबरोबर युनिक्स आणि ॲन्सी सी यांखालीही 'येस' होते. क्लिअरस्क्रीनच्या पानावर युनिक्स आणि ॲन्सी सी हे रकाने रिकामे होते. सारी गोष्ट एका ओळीत सांगून झाली होती. विद्यार्थी मात्र त्या ओळीवरून घसरून थेट उदाहरणाकडे जाई.

दोष विद्यार्थ्याचा म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्याने आयुष्यात एकच प्रणाली पाहिली आहे त्याला 'अन्यत्र चालते का' हा प्रश्न पडणार कसा? तक्त्याला अर्थ यायला दुसरे यंत्र समोर असावे लागते. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांसमोर ते होते. १९९१ नंतर लिनक्स आणि त्यावरचा मोफत जीसीसी कंपायलर उपलब्ध होता. तरी प्रॅक्टिकलची यादी आणि पडद्याचा निळा रंग वर्षानुवर्षे तेच राहिले. परीक्षकाला ओळखीचा निकाल हवा होता आणि महाविद्यालयाला चालू घडी मोडायची नव्हती. हा निष्काळजीपणा एका कुणाचा नव्हता म्हणूनच तो इतका टिकला.

त्याची किंमत पुण्यात किंवा बंगळुरूत मोजावी लागे. पदवी घेऊन गेलेल्या तरुणासमोर पहिल्यांदाच लिनक्सचे काळे टर्मिनल येई. हातातला पाठ कार्यक्रम तो टंकित करी आणि पहिल्याच ओळीला कंपायलर अडे: कॉनिओ डॉट एच नावाची फाइल नाही. ती ओळ खोडली, तरी लिंकर म्हणे की क्लिअरस्क्रीनचा संदर्भ लागत नाही. चार वर्षे 'सी येते' असे सांगणाऱ्याला वाटे की आपल्याला सी येतच नाही. प्रत्यक्षात त्याला सी येत होती. सी कुठे संपते आणि बोर्लँड कुठे सुरू होते, एवढेच त्याला कधी दाखवले गेले नव्हते.

अशा वेळी ते १९७१ चे जुने साधन कामी येते. लिनक्सवरील सी लायब्ररीवर नुसते एनएम चालवले तर ते बहुधा 'नावे नाहीत' असे उत्तर देते, कारण जागा वाचवण्यासाठी आतली नावे खरवडून टाकलेली असतात. 'डी' हा पर्याय दिला की फक्त बाहेर दिलेली नावे पुढे येतात. ही हजारो नावांची यादी गाळून पाहिली की प्रिंटएफ सापडते, क्लिअरस्क्रीन सापडत नाही. गेटच तिथे नाही, पण कर्सेस या दुसऱ्या लायब्ररीत त्याच नावाचे फंक्शन आहे. मात्र ते वापरण्याआधी कर्सेसचा पडदा उघडावा लागतो. नाव तेच, करार वेगळा. हे पुस्तकात वाचून कळते, यादीत पाहून पटते.

टर्बो सी अजून पुरते गेलेले नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे कार्यक्रम चालत नाहीत, तेव्हा डॉसचा आभास निर्माण करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये ते गुंडाळून बसवण्याची शक्कल निघाली आणि निळा पडदा नव्या लॅपटॉपवरही उजळला. दुसरीकडे मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने जीसीसीवरील सी भाषेचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध केले आहेत.

लिनक्सवर गेलेल्या अनेकांनी तोडगा स्वतःच काढला. पडदा पुसण्याची खूण टर्मिनलला पाठवणारे दोन-तीन ओळींचे फंक्शन लिहायचे आणि त्याला तेच जुने नाव द्यायचे. त्या आधी आपल्याच फाइलीवर एनएम चालवले तर क्लिअरस्क्रीनच्या पुढे 'यू' दिसते. ते फंक्शन लिहून फाइल पुन्हा कंपाइल केली की त्याच नावापुढे 'टी' येते.